ताकातल्या कुकी आणि वर्नाचा हात

जाळीच्या दाराची स्प्रिंग किर्र करून ताणली गेली आणि स्वयंपाकघरातली सकाळपासूनची शांतता मोडली. सलोमाने चाळणीवरून मान वर केली नाही. "पाय पूस गं, फरशी आत्ताच घासलीय."

"पाहुणी समजलीस होय मला?" वर्ना म्हणाली. सलोमाची ही थोरली बहीण. इथल्या चर्चच्या मंडळीत मोटार वर्ज्य; कुणाच्या डोळ्यांत खुपायला नको म्हणून तिने मोटार वरच्या रस्त्यालाच ठेवली होती. तरी सलोमाच्या सासूबाईंच्या, ड्रुसिलाबाईंच्या, डोळ्यांत खुपायचं ते खुपलंच. लोणच्याच्या बरण्या पुसता पुसता त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली.

उद्या रविवारची प्रार्थना सलोमाच्या घरी होती. प्रवचन लांबलं की पोरं चुळबुळतात, मग त्यांच्यापुढून कुकींचं ताट फिरतं. ताकातल्या त्या मऊ कुकी आईसारख्या जमायच्या त्या एकट्या वर्नाला. सलोमाला पीठ सैल दिसलं की धीर निघत नसे. ती मैदा वाढवायची आणि कुकींचे दगड व्हायचे.

"ठेव तो मैदा खाली," वर्ना म्हणाली. "सैल आहे ते सैलच राहू दे. दात पडलेल्यांनीही खायच्यात."

ताकात खायचा सोडा पडताच फेस वाडग्याच्या काठाला आला. वर्नाने वाडगा टेबलावर ठेवला, हात मागे घेतला. मग सलोमाने तो उचलला. बाप्तिस्मा घेतल्यानंतर वर्ना मोटारवाल्यांच्या चर्चमध्ये गेली, तेव्हापासून ती मंडळीबाहेर. तिच्याशी बोलायला मनाई नव्हती, तिला राबवून घ्यायलाही नव्हती. फक्त तिच्या हातातून काही घ्यायचं नाही. चमचा, जायफळ, फडकं, सगळं टेबलावरून. दोघींच्या हातांना आता ते सांगावंही लागत नसे. नेमका त्या सवयीचाच आज सलोमाला संताप आला.

पहिलं ताट चुलीच्या भट्टीतून निघालं. कुकी वरून पांढुरक्या, कडेला जेमतेम सोनेरी. सलोमाची छोटी एडना धावत आली. वर्नाने कुकी फुंकर मारून तिच्या तळहातावर दिली. पोरीचा बाप्तिस्मा कुठे झाला होता? तो मोठेपणीच व्हायचा. तिला सगळं माफ.

मग वर्नाने आणखी एक मोडली. अर्धी स्वतःकडे, अर्धी सलोमासमोर टेबलावर. लहानपणी ती अशीच मोडायची, पण तेव्हा टेबल मध्ये नसायचं.

सलोमाने अर्धी उचलली नाही. हात पुढे केला. "हातात दे."

"वेडी आहेस का?" वर्ना पुटपुटली. "त्या बसल्यात."

"बसू देत. दे म्हणते ना!"

बरणीवरचं फडकं थांबलं. "सलोमा," भिंतीकडे तोंड असूनही सासूबाईंना सगळं दिसत होतं, "उद्या सगळी मंडळी तुझ्याच दारात यायचीय. मला विचारलं तर मी खोटं बोलायची नाही."

"खोटं बोलूच नका. मी हातातून घेतली म्हणून सांगा. गरम होती तेही सांगा."

"गुडघे टेकून चूक कबूल करायला लावतील."

"चूक असती तर टेकले असते."

"आणि नाही टेकलेस तर? तुलाही बाहेर काढतील गं!" बाईंचा आवाज फुटला. "मग मी कुणाच्या हातचं खाऊ?"

सासूबाईंच्या पायांना तेल लावणारी सलोमाच होती. पण हात तिने मागे घेतला नाही. टेबलावरची अर्धी वर्नाने उचलली आणि सलोमाच्या तळव्यावर ठेवली. बोटाला बोट लागलं. सलोमाने तिथेच, सासूबाईंच्या पाठीकडे बघत, ती खाल्ली.

सासूबाई उठल्या आणि अंगणापलीकडच्या आपल्या घरी गेल्या.

"आता काय करशील?" वर्नाने विचारलं.

"दुसरं ताट लावीन. चूल तापलीय." सलोमाने चमच्याने पीठ सोडायला घेतलं, मैद्याकडे न बघता.

एडना आईच्या झग्याला बिलगली. हनुवटीला चुरा लागला होता. "मेम," ती आईला म्हणाली, "मी मोठी झाले आणि बाप्तिस्मा घेतला, की मला तुझ्या हातचं चालेल ना?"