धडधाकट माणसाची पट्टी

"पोरीसाठी डोळ्यांत तेल घालून बसतेस ते ठीक आहे गं, पण घरात बाकीचीही माणसं आहेत," असं सासूबाई मला एकदा म्हणाल्या होत्या. मला तो टोमणा वाटला. झालं, आता भाजीत मीठ कमी पडल्याचा विषय निघणार, असं मनात म्हणत मी मुलीच्या औषधांचा डबा आवरत राहिले.

तो टोमणा नव्हता. त्यांना त्यांच्या धाकट्या मुलाची, म्हणजे माझ्या दिरांची काळजी वाटत होती. भाऊजी आता नाहीत. त्यांचा आजार मी आमच्याच बाथरूममध्ये, बोटभर लांबीच्या पट्टीवर, माझ्या या डोळ्यांनी पाहिला होता. पाहिला आणि कचऱ्यात टाकला.

माझ्या मुलीला लहानपणीच मधुमेह निघाला, इन्सुलिनवर जगावं लागतं तो. एरवी बोट टोचून रक्तातली साखर बघायची. पण तिला ताप आला, उलटी झाली, की लघवीही तपासायची. कपात लघवी घ्यायची, पट्टी बुडवून काढायची, थोडं थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. पट्टीवर दोन चौकोन असतात. एक ग्लुकोजचा, तो निळसर हिरव्याचा तपकिरी होत जातो. दुसरा केटोनचा, तो पिठाच्या रंगाचा असतो आणि गुलाबी होत होत वांग्याच्या सालीवर जातो. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळायला घेतं आणि त्याचा धूर म्हणजे केटोन, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. धूर फार साठला की जिवावर बेततं. मी रसायनशास्त्राची पदवीधर, पण डोक्यात राहिला तो धूरच. मुलगी नुसती शिंकली तरी मला धूर दिसायचा.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. आमच्याकडेच राहायचे. मुलीला ते 'मुकादम' म्हणत, कारण ती सगळ्या घराला कामाला लावायची. त्या रविवारी मुकादमांना ताप होता आणि कपात लघवी करायला त्यांचा साफ नकार होता.

"मीच का नेहमी? सगळ्यांनी द्या!"

"मुद्दा बिनतोड आहे वहिनी," भाऊजी दारातून म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा. मुकादम, तुम्ही द्या, मग मी देतो. शब्द म्हणजे शब्द."

त्यावर ती तयार झाली. तिची पट्टी मी बुडवली. ग्लुकोजचा चौकोन जेमतेम हिरवा झाला, केटोनचा होता तसा राहिला. माझा जीव भांड्यात पडला.

मग भाऊजी आपला कप घेऊन आले. "घ्या, ताजा माल!" मुलीने ऐटीत स्वतः पट्टी बुडवली. आम्ही तिघं वाकून बघत होतो. केटोनचा चौकोन गुलाबी झाला, मग जांभळट, मग थेट वांगी. ग्लुकोजचा तर तपकिरी होऊन थांबला.

"काका जिंकला!" मुलीने टाळ्या वाजवल्या.

"बघितलंत? मी मुळातच गोड आहे. तुम्हीच कधी मान्य केलं नाहीत."

"कोणी चाखून बघितलं ते तरी सांग," बाहेरून माझा नवरा ओरडला, आणि आम्ही पोट धरधरून हसलो. मीसुद्धा.

हसता हसता माझं लक्ष बेसिनच्या कडेला गेलं. डबीचं झाकण उघडं होतं. नुकत्याच सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या, आरशावर अजून वाफ होती. या पट्ट्यांना ओल चालत नाही, झाकण लगेच घट्ट लावा, असं डबीवरच लिहिलेलं असतं. धडधाकट माणसाला केटोन कुठून येणार? म्हणजे पट्ट्याच बिघडल्या. आणि पट्ट्या बिघडल्या असतील, तर मुलीची आत्ताची चांगली आलेली पट्टी तरी खरी कशावरून?

एवढं मनात आलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मुलीसाठी. वांगी रंगाची पट्टी ज्यांची होती ते शेजारीच उभे होते, पण मला ते दिसत नव्हते.

त्याच डबीतली मुलीची पट्टी नुकतीच चांगली आली होती. बिघडलेली डबी माणसं निवडून रंग देत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुणी असा निष्कर्ष काढला असता तर मीच त्याला हसले असते.

मी सगळी डबी कचऱ्यात ओतली. "भाऊजी, पळा. मेडिकल बंद व्हायच्या आत नवी आणा."

ते खरंच पळत गेले. परत आले तेव्हा दारातच खाली बसले आणि पाण्याची बाटली तोंडाला लावून संपवली. "तुमचा चेहरा बघून असा धावलो, म्हटलं आज आपलं काही खरं नाही."

नव्या डबीतून मुलीची पट्टी केली. चांगली आली. मी तिला पोटाशी धरून रडले. मग आठवल्यासारखं म्हणाले, "तुम्हीही परत द्या हो, बघू या."

"टाकी रिकामी आहे. आणि मुकादमांच्या नव्या कोऱ्या पट्ट्या माझ्यावर कशाला वाया घालवता?"

मी बरं म्हणाले.

त्यानंतरही खुणा दिसत होत्याच. सासूबाईंनी भाऊजींच्या दोन पँटी कंबरेत आत घेतल्या, आणि 'घरात बाकीचीही माणसं आहेत' हे मला ऐकवलं ते त्याच दिवसांत. भाऊजींच्या खोलीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या साठत होत्या. "दिवसभर जिने चढतो, बारीक होणारच," माझा नवरा म्हणाला. "लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यालाच लिफ्ट मिळत नाही." हा विनोद भाऊजींना इतका आवडला की ते तो कामावरही सांगत सुटले.

मग त्यांना दुसऱ्या गावी नव्या इमारतीचं काम मिळालं. तिथे ते एका सहकाऱ्याबरोबर खोलीवर राहत. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"वहिनी, पोटात फार दुखतंय. दोनदा ओकलो. काहीतरी बाधलंय."

"बाहेरचं खाल्लं असणार. साखर-मिठाचं पाणी करून घोट घोट घेत राहा."

साखर-मिठाचं पाणी. हे मी सांगितलं.

"अहो, पण धापा का टाकताय? जिन्यावर आहात का?"

"हो ना. जिन्यावरच आहे."

ते सकाळपासून अंथरुणातून उठले नव्हते, हे सहकाऱ्याने नंतर सांगितलं. त्याने तेव्हा विचारलं की खोटं का बोललास, तर भाऊजी म्हणाले, आई बाजूला असली तर घाबरेल. तो जोरजोरातला श्वास कशाचा, हे घरात फक्त मला ओळखता आलं असतं. मुलीचा आजार पहिल्यांदा कळला तेव्हा ती रात्रभर तशीच श्वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या घरी फोन केला. "पेशंटला डायबेटिस किती वर्षांपासून आहे?"

"त्याला नाही हो," माझा नवरा म्हणाला. "माझ्या मुलीला आहे."

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि पट्टीचं सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, "लगेच निघा."

आम्ही पोचलो तेव्हा ते शुद्धीत नव्हते. छाती यंत्रावर वरखाली होत होती. सासूबाई त्यांच्या पायांना तेल लावायचं म्हणाल्या. नर्सने अडवलं नाही. संध्याकाळी ते गेले.

सासूबाईंना पट्टीचं मीच सांगितलं. त्या काहीही बोलल्या असत्या तरी मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तेव्हा त्याला काही दुखत होतं का गं?"

"नाही आई. हसत होते."

"मग निदान तेवढं तरी," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. अजूनही त्या माझ्या हातचं जेवतात. मुलीची वेणी घालतात. माझ्याशी आधीपेक्षा मऊ बोलतात, आणि ते मला सोसवत नाही.

मुलगी आता कपात लघवी द्यायला कुरकुर करत नाही. 'सगळ्यांनी द्या' म्हणत नाही. मीच सगळ्यांची घेते.

हे वाचून माझी समजूत काढायला येऊ नका. तुमच्याही घरात एक असा असेल, जो बाकीच्यांच्या औषधांसाठी धावतो आणि ज्याच्या स्वतःच्या नावाची फाईल कुठल्याच दवाखान्यात नाही. त्याला आजच गाठा. 'बरा आहेस ना' असं विचारू नका, तो हो म्हणेल. तहान किती लागते ते विचारा, कपडे सैल झालेत का बघा. आणि त्याने हसण्यावारी नेलं, तर हाताला धरून तपासायला घेऊन जा.