सर्वांत कमी गुण

फ्यो से-ह्वाननं सही करून टाकली. खरं तर करायला नको होती. समोरच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की आज निधी मागायला येणाऱ्या कुठल्याही कंपनीशी माझं नातंगोतं, जुनी ओळख किंवा एकत्र काम नाही. आणि दुपारी सगळ्यांत आधी ज्या कंपनीची पाळी होती तिच्या प्रमुखाचं नाव होतं बान ह्ये-रान. कॉलेजपासून ज्या बाईला तो ‘ताई’ म्हणत आला होता, तीच ही.

आपल्याकडची ही पद्धत म्हणजे एक गंमतच आहे. औषधं, तपासण्या, उपकरणं यांवर संशोधन करणाऱ्या लहान कंपन्यांना सरकार पैसा देतं, हे चांगलंच. पण तो ओळखीपाळखीत जिरू नये म्हणून परीक्षक निवडताना अशी चाळण लावतात की ज्याला विषय कळतो तोच नेमका गळतो. कारण विषय कळणारी माणसं एकमेकांना ओळखतातच. एवढासा देश, त्यात नवजात बाळांच्या रक्तावर काम करणारी माणसं असून असून असणार किती? म्हणून मग देजॉन शहरातल्या या हॉटेलातल्या बैठकीच्या खोलीत कोण जमले होते, तर अध्यक्ष म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचे निवृत्त प्राध्यापक कू दॉक-सू, चेहऱ्याच्या क्रीमच्या कंपनीतल्या एक संचालक बाई, पेटंटचा वकील, गुंतवणूक कंपनीचा एक चुणचुणीत तरुण आणि यंत्रं बनवणारे दोघं. बाळाच्या रक्तातलं यांना ओ की ठो कळत नव्हतं. सातवा से-ह्वान, जॉन्जू शहरातल्या रुग्णालयातला नवजात बाळांचा डॉक्टर.

‘मी या बाईंना ओळखतो’ असं तो म्हणाला असता, तर प्रवासखर्च हातात देऊन त्याला घरी पाठवलं असतं आणि त्याच्या जागी आणखी एखादा क्रीमवाला बसला असता. मग ताईचं म्हणणं समजणारं खोलीत उरलं असतं कोण? तिच्यासाठीच सही केली, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि ते खोटंही नव्हतं.

ह्ये-रान ताईनं केलेलं काम त्याला पुरतं माहीत होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ, तळहातावर मावेल एवढं. त्याच्या रक्तात जंतू शिरले तर ते काही तासांत हातचं जातं. पण कुठले जंतू, आहेत की नाहीत, हे कळायला नेहमीच्या कल्चरला, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला, दोन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंधारात चाचपडत औषध देतो. ताईच्या तपासणीला एक थेंब रक्त पुरायचं आणि तासाभरात उत्तर मिळायचं. सरकारी मान्यता मिळवण्यासाठीच्या मोठ्या चाचण्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्यासाठीच पैसा हवा होता. खासगी गुंतवणूकदार तर तोंडावर हसत. ‘मॅडम, या देशात मुलंच जन्माला येत नाहीत, म्हाताऱ्यांसाठी काहीतरी काढा ना.’ राहता राहिलं सरकार. तिथं ती आधी दोनदा नापास झाली होती, आणि हे शेवटचंच होतं. कंपनीला सात वर्षं पुरी झाली की या योजनेचं दार बंद व्हायचं, आणि तिची सात वर्षं याच डिसेंबरात भरत होती. आज नाही मिळालं तर कंपनीला कुलूप, इतका सरळ मामला होता.

आणि ताई म्हणजे कोण? वान्दो बेटावरून आलेल्या, राजधानीत कुणाचा कुणी नसलेल्या से-ह्वानला पहिल्या हिवाळ्यात तिनं जगवलं होतं. प्रयोगशाळेतल्या शेगडीवर, जिथं पाणीसुद्धा पिऊ नये असा नियम, तिथं ती राम्यॉनच्या शेवया शिजवायची आणि त्यात अंडं फोडून आधी त्याच्यापुढे पातेलं सरकवायची. ‘खा मुकाट्यानं. तुझ्या तोंडाकडे बघून माझ्या पेशी मरतायत,’ असं वर आणि बोलायची.

दुपारी सगळे जवळच्या खालगुक्सूच्या दुकानात जेवायला गेले. बाहेर गिंकोच्या झाडांची पानं फुटपाथवर कुजून पडली होती. गरम शेवयांच्या वाडग्यावरून कू सरांनी मान वर केली.

“डॉक्टर फ्यो, तुम्हीपण त्याच विद्यापीठाचे ना हो? त्या दुपारच्या बाई आहेत तिथले?”

“हो. पण विद्यापीठ मोठं आहे, सर.”

“मोठं कसलं डोंबलाचं. तुमच्या वयाचे सगळे एकाच खानावळीत उधारी करून जेवलेले असणार.”

टेबलाभोवती सगळे हसले. से-ह्वानही हसला आणि हातातल्या काड्या त्यानं खाली ठेवल्या.

“नाही, आपलं सांगून ठेवतो,” कू सर मुळ्याची फोड चावत म्हणाले. “मागच्या वर्षी एक गृहस्थ असेच निघाले. मेहुण्याच्या कंपनीला भरभरून गुण दिले. सापडले. परीक्षकपद गेलं, नोकरी गेली, वर पेपरात फोटो. बायको म्हणे अजून माहेरी आहे.”

“जेवू द्या की त्यांना, कू सर,” क्रीमवाल्या बाई म्हणाल्या. “शेवया फुगून लगदा झाला बघा त्यांचा.”

फुगलेल्या शेवया तशाच राहिल्या. म्हाताऱ्याला काही ठाऊक नव्हतं, तो आपला जेवताना तोंडाला येईल ते बोलत होता. पण चोराच्या मनाला तेवढं पुरतं. परतताना से-ह्वानचं डोकं भराभर चालू लागलं, आणि भ्यायलेल्या हुशार माणसाचं डोकं चालू लागलं की समजावं, काहीतरी विपरीत होणार.

सकाळीच अधिकाऱ्यानं नियम समजावला होता. सात जणांचे गुण आले की त्यांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वगळायचे, उरलेल्या पाचांची सरासरी काढायची. कुणी लाडानं जास्त दिले काय किंवा आकसानं कमी दिले काय, फरक पडू नये म्हणून. से-ह्वाननं विचार केला, आपण ताईला सगळ्यांत कमी गुण द्यायचे. ते वगळले जातील, म्हणजे तिचं काही बिघडणार नाही. वर एखादा कडक प्रश्न विचारायचा. मग कुणाची बिशाद आहे आपल्याकडे बोट दाखवायची? साप मेला आणि काठीही शाबूत राहिली. लिफ्टमधून वर जाताना त्याला स्वतःच्या अकलेचं कौतुकसुद्धा वाटलं. काय म्हणावं अशा माणसाला?

ताई आत आली. करड्या रंगाचं जाकीट, केस घट्ट मागे बांधलेले. मागच्या वेळेपेक्षा फारच वाळली होती. तिची नजर टेबलावरून फिरत से-ह्वानवर आली, क्षणभरही थांबली नाही, पुढे गेली. सगळ्यांना सारखंच वाकून तिनं नमस्कार केला आणि बोलायला सुरुवात केली.

ती छान बोलली. लोकांना सगळं कळत नव्हतं, पण ती बाळांबद्दल बोलते आहे हे कळत होतं. क्रीमवाल्या बाई मान डोलवत होत्या. कू सरांनी यंत्राच्या बॅटरीबद्दल विचारलं आणि उत्तर ऐकून खूश झाले. गुंतवणूकवाल्या तरुणानं समोरच्या टॅबलेटवर गुण भरूनही टाकले. सगळं सुरळीत चाललं होतं. मग कू सर से-ह्वानकडे वळले.

“डॉक्टर, आता तुम्ही बोला. इथं काय कळतं ते तुम्हालाच. आम्ही आपले ऐकतो.”

से-ह्वाननं घसा साफ केला.

“तुमचे सगळे नमुने एकाच रुग्णालयातले आहेत,” तो म्हणाला. “दुसऱ्या ठिकाणी ही तपासणी चालेल याला पुरावा काय? उद्या चुकीच्या निदानानं एखादं बाळ दगावलं तर जबाबदार कोण?”

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि त्याला आठवलं.

वसंतात ताईचा फोन आला होता. ‘तुझ्या वॉर्डात बाळांच्या तपासणीतून उरलेलं रक्त मिळेल का रे? कागदपत्रं मी सगळी करते.’ राउंडच्या गडबडीत तो ‘हो हो’ म्हणाला, हाताखालच्या डॉक्टर सॉलवर काम सोपवलं आणि विसरून गेला. तिचं तपासणीचं यंत्र त्याच्याच वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत बसलं होतं. अर्ज गेल्यानंतर तिथले निकाल आले होते, म्हणून अर्जात त्यांचा उल्लेख नव्हता. उत्तर ताईच्या जिभेवर होतं: दुसरं रुग्णालय जॉन्जूचं, सर, तुमचंच, आणि निकाल उत्तम आहेत. पण ती ते बोलली असती तर सकाळची त्याची सही उघडी पडली असती, इथल्या इथं, सगळ्यांसमोर.

ताईनं तोंड उघडलं होतं. तिनं से-ह्वानच्या पुढ्यातल्या नावाच्या पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला असला पाहिजे. तिनं तोंड मिटलं.

“दुसऱ्या रुग्णालयातले निकाल,” ती सावकाश म्हणाली, “आत्ता माझ्याजवळ दाखवण्यासारखे नाहीत.”

“म्हणजे केलंच नाहीये?” वकिलानं विचारलं.

“दाखवण्यासारखे नाहीत,” ती पुन्हा म्हणाली. वेळ संपल्याची घंटा वाजली. वाकून नमस्कार करून ती बाहेर गेली.

क्रीमवाल्या बाईंनी टॅबलेटवरचा आकडा पुसला आणि दुसरा लिहिला. तो तरुणही आधी भरलेले गुण बदलत होता. से-ह्वानला सगळं दिसत होतं. ‘थांबा, मला काही सांगायचंय’ एवढं म्हणायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. अजून वेळ होता. त्यानं मान खाली घातली आणि ठरवल्याप्रमाणे सर्वांत कमी गुण भरले. आता ते तरी का भरले, हे त्यालाही सांगता आलं नसतं. हात ठरलेलं करून मोकळा झाला.

डिसेंबरात निकाल लागला. नामंजूर. कारण म्हणून जी वाक्यं छापली होती ती त्याचीच होती. दुसऱ्या रुग्णालयातला पुरावा नाही. चुकीच्या निदानामुळे बालकाच्या जिवाला धोका.

त्यानं फोन केला नाही. तिचाही आला नाही. नवीन वर्ष लागल्यावर एका सकाळी तो वॉर्डाच्या टोकाच्या खोलीपाशी आला, तर आत ताई यंत्राची वायर गुंडाळत होती. शेजारी हातगाडी, तिच्यावर रिकामं खोकं.

“ताई, बसा ना.”

“नको. खाली टेम्पोवाला खोळंबलाय, आधीच कुरकुर करतोय.”

“कंपनी?”

“बंद केली. जागा सोडली, हाताखालची पोरं गेली. यंत्रं भंगारात जायच्या आत कुणी घेतंय का बघते.”

तो दारातच उभा राहिला. आठवडे त्यानं जे मनात घोकलं होतं ते सगळं एकदम बाहेर पडलं.

“ताई, सर्वांत कमी गुण वगळतात. म्हणून मी दिले. माझे धरलेच जाणार नव्हते. तुमचं नुकसान व्हावं असं माझ्या मनातसुद्धा—”

“नियम मला नको शिकवूस. तीनदा जाऊन आलेय मी.” तिनं वायरीला गाठ मारली. “तुझे वगळले असतीलही. बाकीच्यांचं काय? त्यांना काय कळत होतं रे? सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते.”

“तुम्ही सांगायचं होतंत. जॉन्जू म्हणाला असतात तर संपलं असतं.”

“तू संपला असतास.”

ताईनं यंत्र उचललं. तो मदतीला पुढे झाला तशी ती म्हणाली, “राहू दे,” आणि एकटीनंच ते खोक्यात बसवलं.

“मी चिडलेय तुझ्यावर,” ती म्हणाली. “तुला कळू दे म्हणून सांगते. पोरांना निरोप दिला त्या दिवशी तुझ्या नावानं इतक्या शिव्या घातल्या की आईनं ऐकलं असतं तर थोबाड फोडलं असतं माझं. दारातून आत आले, तू दिसलास, आणि जिवात जीव आला होता माझ्या. म्हटलं, चला, आपलं माणूस आहे. मला तुझे गुण नको होते, से-ह्वान. तू नुसता गप्प बसला असतास ना, तरी मिळालं असतं.”

पावलं वाजली. डॉक्टर सॉल घाईघाईनं आली, ताईला पाहून तिनं वाकून नमस्कार केला.

“सर, पहाटे आलेल्या जुळ्यांतली धाकटी. रंग बरा नाही. श्वास मध्येच थांबतोय. मॅडम आल्याच आहेत तर एक थेंब लावून बघू का? तासाभरात कळेल तरी.”

से-ह्वाननं ताईकडे पाहिलं. ताईचा हात खोक्याच्या झाकणाकडे गेला होता, सवयीनं. तिथंच थांबला.

“चकत्या संपल्यात,” ती म्हणाली. “ज्या चकतीवर थेंब ठेवायचा ती माझी पोरं हातानं बनवायची. एकही शिल्लक नाही.”

“एकही नाही?”

“शोधल्या गं. सगळीकडे शोधल्या.” तिनं तोंड फिरवलं.

“नेहमीचं कल्चर पाठव,” से-ह्वान सॉलला म्हणाला.

“ते परवा येईल, सर.”

“माहीत आहे.”

सॉल धावतच गेली. ताई हातगाडी ढकलत लिफ्टकडे निघाली आणि से-ह्वान उलट्या दिशेनं वॉर्डात गेला. काचेच्या पेटीतल्या त्या मुलीला अजून नाव ठेवलेलं नव्हतं, आईच्याच नावाची चिठ्ठी लावली होती. तिला काय झालंय ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं अंदाजानं एक औषध लिहून दिलं.