आवितीच्या जबड्यातली दाढ

मी दाढ बोलतेय. दात म्हणू नका. दात पुढं उभे राहून नुसते हसतात, दळण सगळं माझ्याकडं असतं. आवितीच्या खालच्या जबड्यात, उजवीकडं, अगदी मागच्या जागेवर मी उगवले. दुधाची असले म्हणून नाजूक समजू नका. सरोवरातली वाळवलेली ओमेना मासळी मी डोक्या-काट्यासकट चावलीय. शाळेत मी गेले नाही. जे कळलं ते तोंडात बसून, आल्यागेल्याचं बोलणं ऐकून कळलं.

आविती म्हणजे फेकलेली. तिच्या आधीची दोन भावंडं अंगावर पीत असतानाच गेली. म्हणून आईनं, रिस्पानं, हिला जन्मल्या जन्मल्या केळीच्या पानावर घालून वाटेच्या कडेला ठेवलं. मरणाला वाटावं, हिच्या आईलाच ही नको, आपण कशाला न्या. सासू दोर्सिला झुडपाआड बसलेलीच होती. तिनं 'मला सापडली' म्हणत उचलून आणली. आमच्याकडं असंच करतात. तेव्हापासून पोर आजीची, आणि पोरीच्या बाबतीत शेवटचा शब्दही आजीचा.

या आजीचे खालचे पुढचे सहा दात नाहीत. तिच्या काळी वयात येताना ते काढून टाकत, आणि जी रडेल तिला जन्मभर टोमणे ऐकावे लागत. दोर्सिला रडली नव्हती. तोंडातली ती खिंड ती दागिन्यासारखी मिरवायची. दात जाणं हे तिच्या लेखी संकटच नव्हतं. तिथंच आमचा घात झाला.

आविती सहा वर्षांची असेल. मक्याच्या पिठाची उगाली खाताना मी हलले. उगालीसारखा मऊ घास, आणि मी हलले! आधी वाटलं, पोर घाई करतेय. पण खाली, हाडाशी, काहीतरी मऊ आणि गरम सरकत होतं. माझ्या मुळाशी जे दगडासारखं होतं, ते ओल्या मातीसारखं होत चाललं होतं. मी भ्याले. ओरडायला मला तोंड कुठलं? मीच तोंडात.

मग गाल फुगला. रिस्पा भीत भीत म्हणाली, दवाखान्यात नेऊ. सासूनं तिला उडवून लावलं. दाढेला कीड लागलीय, बाजारातला दातकाढ्या ओगोला काढून देईल, त्यासाठी बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची गरज नाही.

ओगोला सायकलच्या तारेला धार लावून बसलेला असतो. त्यानं आधी माझ्या पुढची दाढ धरली, माझी थोरली बहीण. तार लागलीच नाही. ती नुसत्या बोटांत आली, शेंगेतून दाणा निघावा तशी. आपला हात कसा हलका आहे ते सांगत तो माझ्याकडं वळला. त्याच्या बोटांना तंबाखूचा वास होता.

दोर्सिलानं त्याचं मनगट धरलं.

"थांब. माझे दात काढताना दोन बायका डोकं दाबून बसल्या होत्या. दात भांडतो रे. ही का नाही भांडली?"

ओगोला हसला. "म्हातारे, तुझे दात तुझ्यावर गेले होते. पोरीचे गुणी आहेत."

"गुणी गेले खड्ड्यात. आत काय झालंय ते सांग."

त्याला सांगता येईना. रक्तही थांबेना, आणि त्या रिकाम्या जागेतून लाल मांस वर डोकावत होतं. दोर्सिलानं ते पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती सुनेशी खालच्या आवाजात बोलली.

"रिस्पा, तुझी ती बस कुठं थांबते?"

मोठ्या इस्पितळात डॉक्टरीण नेकेसा होत्या. त्यांनी बारीक सुई गालातून आत घातली. ती माझ्या अगदी शेजारून गेली. थंडगार. आतला थेंब काचेवर पसरून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि खुर्ची ओढून दोघींसमोर बसल्या. म्हणाल्या, हा लिम्फोमा आहे, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. जगात दुर्मीळ, पण या सरोवराकाठच्या मुलांना गाठतो. याच्याइतकं झपाट्यानं वाढणारं दुसरं काही नाही. औषधानं विरघळतोही तसाच, पण अर्ध्यावर सोडलं तर परत येतो आणि मग ऐकत नाही.

रिस्पानं सासूकडं पाहिलं.

"मी उचललीय तिला," दोर्सिला म्हणाली. "टोचा."

औषध शिरेतून आलं. माझ्याभोवतीचं ते गरम मांस वितळू लागलं, आणि मला वाटलं, सुटले. पण नेकेसाबाईंनी नवीच भीती घातली. मेलेल्या गाठीचा गाळ मूत्रपिंडात तुंबला तर पोर बरी होता होता जाईल. पाणी पाजा, लघवी होतेय का बघा. आजी भांडं घेऊन खाटेशी बसून राहिली. आविती पाणी प्यायची, ओकायची, पुन्हा प्यायची. हिरड्यांना फोड आले. पाठीच्या कण्यात सुई जाताना ती मला इतकी आवळायची की मी तुटेन असं वाटे.

गाल सपाट झाला तशी रिस्पा गाठोडं बांधू लागली. पेरणी आली होती. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला त्याचा बाप असाच घेऊन गेला होता, गाठ गेली म्हणून. सासू उठली आणि त्या गाठोड्यावर जाऊन बसली.

"दात गेला की खिंड दिसते. हे गेलंय की लपलंय, दिसतं का तुला?"

तो मुलगा परत आला तेव्हा त्याचा एक डोळा मिटत नव्हता. काही दिवसांत ती खाट रिकामी झाली. रिस्पानं गाठोडं स्वतःच सोडलं.

शेवटची सुई झाली. हळूहळू माझ्या मुळांनी पुन्हा हाड धरलं. पुन्हा मासळी चावू लागले.

वर्षं गेली. आज सकाळी पेरू खाताना मी हलले.

आविती थांबली. लपवावं असं तिच्या मनात आलं, ते मला कळलं, पण आजीची नजर गालावरच असते. रिस्पा पाठ फिरवून परसात गेली. दोर्सिलानं हात धुतले. ते म्हातारं बोट माझ्या मुळाशी दाबत राहिलं. माझी भीती तर विचारूच नका.

"खाली टणक लागतंय," शेवटी ती म्हणाली. "टोक आहे. नवी येतेय बहुतेक."

तरी उद्या बस आहेच. नेकेसाबाईंनी पाहिल्याशिवाय या घरात कुणी 'बहुतेक' वर झोपत नाही.

मला जायचंय, तक्रार नाही. पण एवढं करा, कुणी ओढू नका. जी येतेय तिनं मला ढकलून काढावं. तोवर आजीचं बोट रोज येईल आणि मी रोज भांडेन. या घरात दाढ भांडली की सगळ्यांना झोप लागते.