दारातून आत न मावलेला दरवाजा

मित्रांनो, आत्ता तुम्ही ज्या टेबलावर कोपरे टेकून बसला आहात, ते टेबल म्हणजे मी, मूळचा एक जुना दरवाजा. विश्वास बसत नसेल तर माझ्या डाव्या कडेवरून बोट फिरवा. तीन ठिकाणी बोटाला खाच लागेल. तिथे माझ्या बिजागऱ्या होत्या.

दरवाजाची जात तशी गर्विष्ठच. मीही होतो आणि अजून आहे, लपवून काय उपयोग? साडेतीन फूट रुंद, सात फूट उंच, सागाच्या चार जाड फळ्यांचा मी. मला घडवले या घरच्या अण्णांनी. तेव्हा त्यांना कोणी अण्णा म्हणत नसे. नुकते लग्न झालेले, हाताला चपळ, जिभेला थोडे तिखट असे ते तरुण सुतार होते. लोकांच्या घरांना त्यांनी कितीतरी दारे बसवली होती, पण स्वतःच्या घराला दार करायची ती पहिलीच वेळ. त्यांनी माझ्या फळ्या वर्षभर सावलीत वाळवल्या. रंधा मारून त्या इतक्या गुळगुळीत केल्या की शेजारणी येता-जाता हात फिरवून पाहायच्या. माझ्या अंगात त्यांनी एकही खिळा ठोकला नाही. सगळे सांधे खाचेत खाच बसवून केलेले. "खिळा ठोकणं म्हणजे आपल्याला काम येत नाही हे चारचौघांत कबूल करणं," असे ते म्हणत.

चाळीस वर्षे मी त्या घराची राखण केली. टकटक ऐकूनच मला कळायचे की बाहेर कोण आहे. पोस्टमन दोन बोटांनी वाजवायचा, दूधवाला अख्ख्या पंजाने. अण्णांचा मुलगा परीक्षेचा निकाल घेऊन आला, तेव्हा बराच वेळ न वाजवताच माझ्यासमोर उभा होता. त्यावरूनच निकाल मला घरच्यांच्या आधी कळला.

मग वाळवी लागली. मला नाही हं! माझ्या अंगाला तोंड लावायची तिची हिंमत झाली नाही. तिने चौकट खाल्ली आणि चौकटीमागची भिंतही ढासळायला लागली. गवंड्याने दोन्ही बाजूंनी विटा चढवून भिंत सावरली, मधे लोखंडी चौकट बसवली आणि तिला लोखंडी दार लावले. मला जिन्याखाली उभे केले. सोबतीला एक गळकी बादली आणि हवा गेलेली सायकल. दोन वर्षे मी तिथे कोळ्यांना जागा दिली. कोणी माझ्याकडे पाहिले तर ते फक्त बादली शोधायला.

मला तिथून बाहेर काढले ते अण्णांच्या सुनेने.

ही सून कपड्यांच्या कारखान्यात कापणीचे काम करते. दोनदा मोजल्याशिवाय ती चिंधीलाही कात्री लावत नाही. कुठलीही जुनी वस्तू टाकून देणे तिच्या जिवावर येते. फाटक्या जीन्सच्या तिने उशा केल्या, चाळणीची दिव्याला टोपी केली, डब्यांच्या झाकणांचे घड्याळ केले. तिचा नवरा आल्यागेल्याला सांगत असतो, "आमच्याकडे फार वेळ एका जागी बसू नका. बायको तुमचं स्टूल करून टाकेल."

पण मला बाहेर काढताना तिच्या मनात वेगळेच होते. ते तुम्हाला सांगायलाच हवे.

अण्णांचे हात थरथरू लागले होते. आधी पेन्सिल सुटली, मग हत्यारे सुटली. घरात जेवायला नीट टेबल नव्हते. दोन माणसांपुरते एक घडीचे टेबल होते, तेही डुगडुगणारे. एकदा जेवताना अण्णांच्या हातून पेला कलंडला आणि सगळे पाणी नातीच्या चित्रावर सांडले. चार दिवस खपून तिने ते चित्र शाळेसाठी काढले होते. ती रडली. नऊ वर्षांची मुलगी, रडणारच. दुसऱ्या दिवसापासून अण्णा आपले ताट घेऊन खोलीत जाऊ लागले. दार लोटून, पलंगावर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवायचे. त्यांना कोणी जा म्हटले नव्हते, आणि परत या कसे म्हणावे हेही कोणाला सुचले नाही. मग मुलगा टीव्हीसमोर जेवू लागला, नात अभ्यासाच्या पुस्तकावर ताट ठेवून, आणि सून ओट्याशी उभ्या उभ्या.

बाजारातले मोठे टेबल परवडण्यासारखे नव्हते. सुनेने एका सुट्टीच्या दिवशी मला पुसून अंगणात आणले आणि अण्णांना म्हणाली, "अण्णा, तुमच्या दरवाजाचं टेबल करतेय. मोबाइलवर पाहिलंय मी. चार पाय स्क्रूनं आवळले की झालं."

"माझ्या दरवाजाला स्क्रू?" अण्णा खुर्ची घेऊन अंगणात आले. तिला हेच हवे होते.

त्यानंतरच्या पाच सुट्ट्या अंगणात गेल्या. जुन्या पलंगाच्या लाकडातून माझे पाय निघाले. खोक्यांच्या फळ्यांतून पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या निघाल्या. कडीच्या जागेचे भोक लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून बुजवले. हात सुनेचे आणि तोंड अण्णांचे. "रंधा दामटू नकोस, त्याला चालू दे! पटाशी अशी धरतात? भाजी चिरतेयस का?" ती निमूटपणे पुन्हा करायची. शेवटी पाय माझ्या पोटाशी खाचा पाडून, गोंद भरून कायमचे बसवले. पॉलिशचे तीन हात झाले. मी स्वतःला पाहू शकत नाही, पण आंब्यावर चढणारी खार माझ्या अंगात आपले तोंड पाहून दचकली, एवढे मला आठवते. मुलगा कामावरच्या मित्राला फोन करून सांगत होता, "अण्णा सकाळपासून ओरडतायत," आणि हे सांगताना त्याला हसू आवरत नव्हते.

मला आत न्यायचा दिवस उजाडला. शेजारच्या किराणा दुकानदार काकांना मदतीला बोलावले. मुलगा, सून आणि काका अशा तिघांनी मला उचलले, आणि मी लोखंडी दाराशी अडकलो.

आडवा केला, कडेवर उभा केला, उलटा केला. पायांमधल्या आडव्या पट्ट्यांमुळे वळवताही येईना. नातीने टेप आणून मोजले. दार दोन फूट चार इंच रुंद. टेबल म्हणून माझी उंची अडीच फूट. अवघे दोन इंच कमी पडले.

मुलाला हसू फुटले. "अहो काका, दरवाजाच दारातून जाईना!" काकाही पोट धरून हसले. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर मीही हसलो असतो. ज्या जागी चाळीस वर्षे उभा राहिलो, त्याच जागेतून मला आत घेत नव्हते.

अण्णा हसले नाहीत. ते सुनेला म्हणाले, "दाराचं माप नव्हतं घेतलं?"

"मला वाटलं, तुम्ही घेतलंय," ती हळू आवाजात म्हणाली.

"मी कशाला घेऊ? साडेतीन फुटी दार आहे. मीच बसवलंय..."

एवढे बोलून ते थांबले. त्यांनी त्या लोखंडी चौकटीकडे असे पाहिले, जणू ती आजच कोणी तिथे आणून ठेवली होती. दोन वर्षे ते तिच्यातून ये-जा करत होते, मित्रांनो. पण त्यांच्या मनात त्या जागी अजून मीच होतो. माझे माप त्यांना इतके पाठ होते की दुसरे माप घ्यायचे सुचलेच नाही. मला अभिमानही वाटला आणि त्या अभिमानाची लाजही वाटली.

"हात गेलेच होते," अण्णा म्हणाले. "आता डोकंही गेलं." ते खोलीत गेले. दुपारचे ताट तसेच परत आले. संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितले, "माझी हत्यारांची पेटी कोणाला हवी असेल तर देऊन टाक." काका म्हणाले होते की टेबल त्यांना द्या, दुकानाचे शटर रुंद आहे, वजनकाटा ठेवायला बरे पडेल. मुलगा हो म्हणायच्या बेतात होता. चाळीस वर्षे घर राखून मी आता साबणाच्या वड्या राखणार होतो. पण मला माझी काळजी कमी होती. ते ताट आता त्या खोलीतून कधीच बाहेर येणार नाही, याची जास्त होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून अंगणात आली. तिने मला पालथे केले, करवत घेतली आणि एका पायावर, अगदी माझ्या पोटालगत, ती चालवू लागली. करवत वाकडी जात होती. मुद्दाम की खरोखर, हे मला आजतागायत कळलेले नाही.

"थांब!" आतून आवाज आला. "ओरडतेय ती करवत! ऐकू येत नाही तुला?" अण्णा अनवाणीच बाहेर आले. "काय चाललंय?"

"पाय कापतेय. आत नेऊन बोल्टनं परत लावीन. सुटे सुटे जातील."

"माझे सांधे कापणार?"

"हो अण्णा. दुसरा इलाज नाही."

"मग काप. मला कशाला विचारतेस? मला काही समजत नाही आता."

सुनेने करवत खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "मी रोज शंभर मापं घेते अण्णा. सगळ्या कारखान्यात माझं माप चुकत नाही म्हणतात. आणि घरातलं एक दार मोजायचं विसरले. मग मीही उद्यापासून कात्री देऊन टाकू का?"

गुडघ्यावर हात टेकत अण्णा माझ्याशेजारी जमिनीवर बसले. "पेन्सिल घे," ते म्हणाले. "रेघ तू मार."

रेघ मारणे त्यांच्या हाताला जमणार नव्हते. पण एक डोळा मिटून दुसऱ्याने ते रेघेकडे पाहू लागले, आणि तो डोळा जराही थरथरत नव्हता. "उजवीकडे अर्धा सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचाही अर्धा! सून रेघ पुसून पुन्हा मारायची. चारही पायांना असेच झाले. दुपारपर्यंत चारही पाय पट्ट्यांसकट सुटे झाले. दुखले का म्हणून विचारू नका. पाय मुळात पलंगाचे होते, मी फारसे मनावर घेतले नाही.

आधी पायांचा सांगाडा आत गेला. मग काकांना पुन्हा बोलावून तिघांनी मला कडेवर उभा धरला आणि मी त्या लोखंडी चौकटीतून ऐटीत आत शिरलो. आत बोल्ट आवळले गेले. अण्णांनी खाली वाकून ते पाहिले आणि तोंड वाकडे केले. "वरून दिसत नाहीत ना? मग असू देत."

मुलगा लांब जाऊन पाहत होता. "अण्णा, उजवीकडे जरा कललंय का हो?"

"नाही."

"वाटतंय खरं."

सूनही काळजीत पडली. कापलेले पाय केसाएवढे कमीजास्त झाले असले तरी टेबल कलते. पातळी पाहायची पाणसळ घरात नव्हती. अण्णांनी ती हाताखालच्या माणसाला केव्हाच देऊन टाकली होती. त्यांचा चेहरा पुन्हा उतरू लागला.

सुनेने चार ताटे मांडली. नात खोलीच्या दारात जाऊन म्हणाली, "आजोबा, चला ना. आम्ही थांबलोय." अण्णा आले, खुर्चीपाशी उभे राहिले, माझ्या चकचकीत अंगाकडे पाहिले. "सांडलं तर पॉलिश जाईल."

"परत करू," सून म्हणाली. ते बसले.

आणि व्हायचे तेच झाले. चार घास झाले, अण्णांनी पेला उचलला, हात थरथरला आणि अर्धा पेला पाणी माझ्यावर सांडले. मुलाचा हात फडक्याकडे गेला.

"थांबा! कोणी पुसू नका." अण्णा माझ्यावर वाकले. त्यांनी एक डोळा मिटला. पाणी जिथे सांडले होते तिथेच गोल पसरून थांबले होते. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. "बघ रे," ते मुलाला म्हणाले, "पळतंय का कुठं? कललंय म्हणे!"

"माझ्याकडे पण बघू!" म्हणत नातीने आपला पेला तिच्या बाजूला ओतला. तिथेही पाणी थांबले. मग सुनेने आपल्या कोपऱ्यात ओतले. मुलाला राहवेना, त्यानेही ओतले. चार कोपऱ्यांत चार तळी साचली आणि भोवती चार डोकी, एकेक डोळा मिटलेली. अण्णा असे हसत होते की उरलेला पेलाही सांडला, आणि त्याकडे कोणाचे लक्षसुद्धा गेले नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा आणि ती कोणी बनवली ते विचारा. बनवणारा घरातच असेल तर त्यालाही बाहेर बोलवा, आणि खुर्ची आधी मांडून ठेवा. माझी काळजी करू नका. रोज माझ्यावर पाणी सांडते आणि मला ते फार आवडते.