उजव्या हाताची चित्रे

संध्याकाळी पाचच्या आत चित्रे बारामतीच्या काचेच्या कार्यशाळेत पोचवायची होती. त्यांवरून तिथले रविराजराव मेणाचा हात घडवणार, त्यावर साचा चढणार आणि सोमवारी भट्टीत काच वितळून साच्यात उतरणार. त्यानंतर भट्टी मिळणार होती ती चार महिन्यांनी. मेघनाने जवळच्याच कळंबच्या घरी सहाही ट्रेसिंग पेपर पलंगावर मांडले. तिची आई, अक्काबाई, जाऊन दहा महिने झाले होते. मेघना तेव्हा रडली नव्हती, नंतरही नाही.

वडील, ज्ञानदेव, चष्मा लावून कागदांवर वाकले.

"एवढा काळा? तुझी आई काय कोळसं इकत हुती?"

"आबा, ती सावली न्हाय. काच जाड तितं काळं, पातळ तितं कोरं."

"आन् ह्ये तुटकं बोट?"

"कडबाकुट्टीत गेलेलं."

"ते उजव्याचं. ह्यो डावा हाय."

चूक कशी झाली ते मेघनाला लगेच कळले. कळूनही काही वाटले नाही. ती उजव्या हाताने काढायची. बघायला समोर डावाच उरायचा. आईचा म्हणून महिनाभर तिने स्वतःचाच हात काढला होता, तर्जनीचे एक पेर कमी करून.

तिने कागद उलटे करून खिडकीच्या काचेला लावले. हात उजवा झाला. जाडीचे आकडे तेवढे उलटे दिसू लागले.

"आता?"

"उजवा झाला. पर तुझाच हाय. तिचा भरीव हुता."

"किती भरीव? मला माप लागतं, आबा."

"माप कुठनं आणू? दवाखान्यात रोज धरून बसायचो, ह्यो असा."

त्यांनी हात पुढे केला. बोटे अर्धी मिटलेली होती, आत कुणाचा हात असावा तशी.

"हालू नका."

"ती बी ह्येच म्हणायची."

मेघनाने त्या पोकळीत जाडी मोजायचा कॅलिपर घातला. अंगठ्याच्या बुडाशी छत्तीस मिलिमीटर. कोरा कागद घेऊन तिथे तिने सगळ्यात गडद पेन्सिल चालवली. सव्वातीन वाजले होते. ज्ञानदेवांचा हात अवघडला.

"सोडू का आता?"

"थांबा," ती म्हणाली. "तर्जनी राहिलीय."

त्यांनी दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला आणि हात तसाच धरून ठेवला.