मालनचा रविवार

ज्या हातांवर आपण आपली लेकरे निःशंकपणे सोपवतो, त्याच हातांवर आपली एखादी वस्तू सोपवताना मन का अडखळावे, हे प्रत्येक गृहस्थाने स्वतःस विचारून पाहावे.

अंधेरीच्या डॉक्टर रत्नप्रभा यांच्यापुढे हा प्रश्न १९८६ साली उभा राहिला. त्यांच्या जुळ्या मुलींना सांभाळणारी मालन वेसाव्याच्या कोळीवाड्यातली; ती त्यांच्याच घरी राहत असे. मुलींना शाळेत पोचवता यावे म्हणून रत्नप्रभांनी तिला फियाट चालवण्यास शिकवले होते. एके दिवशी त्या आपण होऊन म्हणाल्या, "मालन, रविवारी गाडी तुझ्या कामाला ने. पेट्रोल तुझं, संध्याकाळी परत आण, झालं."

मालन हरखली. "मग वहिनी, सकाळी आईला बाजारात सोडेन. पाटी डिकीत राहील."

"मासळीची पाटी?" रत्नप्रभांचा चेहरा उतरला. "सोमवारी मुली त्याच गाडीतून जाणार गं! आईला ने हवं तर, पाटी नको."

"मग आई बाजारात बसून विकेल काय, वारा?"

मालनच्या आईची, पार्वतीबाईंची, मान धरली होती. डोक्यावर ओझे घेण्यास मनाई होती. पाटी बसमध्ये कोणी चढवू देत नसे. आणखी काही रविवार त्यांची बाजारातील जागा रिकामी राहिली असती, तर ती कायमची गेली असती, आणि तिच्याबरोबर म्हातारीची स्वतःची कमाईही.

रत्नप्रभांचे सासरे शरच्चंद्र पूजा आटोपून बाहेर आले. "सूनबाई, तिच्या कामाला ने म्हणालीस ना?"

"हो अण्णा, पण वास..."

"वासाबद्दल अट घाल; ती रास्त आहे. पण तिचं काम कोणतं, हे आपण कसं ठरवणार?"

रत्नप्रभा मालनकडे वळून म्हणाल्या, "झाकणाचा पत्र्याचा डबा हवा. पाणी गळता कामा नये. परत आलीस की डिकी धुवायची."

"धुईन. पण माझीपण एक अट. ओरखडा आला तर पगारातून कापायचं नाही. शाळेच्या वाटेवर आला असता तर कापलं असतं का?"

"वकील झालीस गं!"

"तुमच्याच घरात राहून झाले."

"मान्य," रत्नप्रभा हसल्या.

रविवारी पार्वतीबाई डब्याकडे पाहून कडाडल्या, "माझी पापलेटं कोंडलीस? आजारी हायत का ती?" तरीही पुढच्या सीटवर त्या ऐटीत बसल्या. बाजारात शेजारच्या चंपाने त्यांच्या अर्ध्या जागेवर आपले गोणपाट पसरलेच होते.

"सरक गं चंपे, मी मेली नाय अजून!"

"तुझीच जागा राखत होते, मावशी," चंपा गोणपाट ओढत म्हणाली.

सोमवारी गाडीत थोडा वास उरलाच. मुलींनी नाके मुरडली. रत्नप्रभांनी काच खाली केली, आणि पुढच्या रविवारी किल्ली स्वतःच मालनच्या हाती ठेवली.

देणारीचे मन असेच मोकळे राहो, मागणारीचा आवाज निर्भय राहो. आणि पार्वतीबाई आपल्या जागी दीर्घकाळ सुखाने बसोत.