एकनाथनं दाखवलेली जागा

एकनाथ अंगणात आला आणि म्हणाला, "जय भीम, इंदूबाई." तिथंच इंदूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं हा माणूस त्यांना "काय गं इंदे" म्हणत आला होता.

एकनाथ गावातल्या जमीनदार घरातला, जमिनींची दलाली करणारा. बारा वर्षांपूर्वी त्यानं इंदूबाईंच्या नवऱ्याला, भिवाजीला, महिनाभर रोज पाजली होती आणि एका दुपारी पौडच्या नोंदणी कचेरीत नेऊन रस्त्याकडची निम्मी जमीन लिहून घेतली होती. पुढं दोन वर्षांत भिवाजी गेला.

"रत्नदीपसाठी आलोय," एकनाथ म्हणाला. "तीन वर्सं झाली, मी थेंब घेतला न्हाई. पिरंगुटला शनिवारी संध्याकाळी बैठक असती. सगळे आपल्यासारखेच, पिणारे. एकमेकांच्या आधारानं सोडत्यात."

"उरलेली निम्मी हाय अजून, म्हणून आलाव व्हय?"



रत्नदीप आत भिंतीला टेकून बसला होता. पिऊन मशीनवर उभा राहिला म्हणून कारखान्यानं त्याला घरी बसवलं होतं. "मी जातो, आये," तो आतून म्हणाला. "दुसरं कुणी आलंय का मला बोलवायला?"

"मग मीबी येनार."

शनिवारी मायलेक एकनाथच्या गाडीत बसले नाहीत, बसनं गेले. शाळेची एक खोली, पंधरा-वीस माणसं, चहाचा थर्मास. घरच्यांना बसायला मुभा होती. प्रत्येकजण नुसतं पहिलं नाव सांगत होता. आडनाव कुणीच विचारलं नाही, याचाच इंदूबाईंना जास्त संशय आला. मुळशी तालुक्यात आडनावाआधी पाणीसुद्धा विचारत नाहीत. मग हे आधीच माहीत करून बसलेत की काय?

एक वही फिरत फिरत रत्नदीपपाशी आली. त्यानं पेन उचललं तसा इंदूबाईंनी त्याचा हात धरला.

"सही करू नको."

"फोन नंबर लिहायचाय फक्त, ताई," शेजारचा माणूस म्हणाला. तो शरदचंद्र, सिटी बसचा ड्रायव्हर. "नसंल लिहायचा तर राहू दे."

इंदूबाईंनी वहीची पानं पुढून मागून चाळली. नंबरच होते. तरी लिहू दिला नाही.

मग एकनाथ उठला. "मी पीत होतोच, पण दुसऱ्यांनाबी पाजत होतो," तो म्हणाला. "शुद्धीतला माणूस कागद वाचून बघतो. म्हणून आधी पाजायचो, मग सही घ्यायचो."

"कुनाला?" इंदूबाई उभ्या राहिल्या. "नाव घे त्याचं."

"ताई, इथं आपण फक्त स्वतःविषयी बोलतो," कुणीतरी हळूच म्हणालं.

"मग मी माज्याचविषयी इचारतीये."

एकनाथनं मान खाली घातली. "भिवाजी," तो म्हणाला.

रत्नदीप खुर्ची सारून बाहेर गेला. इंदूबाई दारापर्यंत धावल्या, पण तिथून वळून एकनाथला म्हणाल्या, "हितं रडून काय? हेच तहसीलला लिहून दे."

"वकिलाला इचारून सांगतो."

टाळाटाळीचं ते उत्तर त्यांना ओळखीचं वाटलं.

रत्नदीप फाटकाशी बसला होता. "आये, मला आत्ता प्यायची हाय," तो म्हणाला. "मला सोडू नको." त्यांना काय करावं कळेना. मागोमाग शरदचंद्र आला आणि फाटकापाशी खाली मातीतच बसला.  मग म्हणाला, "बावधनला बुधवारी दुसरी बैठक असते. एकनाथ तिकडं येत नाही. मी असतो."

"तुमचा काय फायदा?" इंदूबाईंनी विचारलं.

"हितं बसलोय तोवर मीबी पीत नाही."

त्यांना ते पटलं नाही. तरी बुधवारी दोघं बावधनला गेले. पुढं दर बुधवारी इंदूबाई दारात चपला राखत बसल्यासारख्या बसायच्या, आत कोण काय देतंय, कोण काय लिहून घेतंय ते बघायच्या. परतीच्या बसमध्ये रत्नदीपच्या तोंडाचा वास घ्यायच्या. तोही लहान पोरासारखा तोंड उघडून दाखवायचा. मधे एकदा तो घसरला, पिऊन आला. दुसऱ्या दिवशी शरदचंद्र घरी आला, बोल न लावता त्याला बैठकीला घेऊन गेला. कारखान्यानं पुन्हा कामावर घेतलं. एकनाथचा वकील काय म्हणाला, ते काही कळलं नाही.

नवव्या बुधवारी इंदूबाईंचा गुडघा धरला. रत्नदीप एकटाच गेला. तो येईपर्यंत त्या उंबऱ्यात बसून होत्या. आला तेव्हा त्याच्या तोंडाला चहाचा वास होता.

"आज मी पहिल्यांदा बोललो," तो म्हणाला.

"काय बोललास?"

"ते तितलं तितंच ऱ्हातं, आये."

इंदूबाईंना ते आवडलं नाही.  तरी त्या ताट वाढायला उठल्या.